रॉबर्ट वुडवर्थ: मानसिक आरोग्याच्या पहिल्या प्रश्नावलीची गोष्ट

झोप लागत नाही, अंगात ताकद वाटत नाही, कशातच मन लागत नाही, अशी तक्रार घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे जाता. डॉक्टर बीपी बघतात, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणी लिहून देतात आणि सोबत एक छापील कागद पुढे करतात. त्यावर सात, नऊ किंवा दहा प्रश्न असतात. प्रत्येकापुढे तुम्ही स्वतः खूण करायची असते.

इथे बरेच रुग्ण बिचकतात. डॉक्टरांना आपण वेडे वाटतो की काय, अशी शंका येते. सोबत आलेले नातेवाईकही अस्वस्थ होतात. कोणी घाईघाईने सगळीकडे नाही अशी खूण करून कागद परत देतो. कोणी घरी जाऊन इंटरनेटवर तोच फॉर्म भरतो आणि गुण जास्त आले म्हणून घाबरतो.

हा कागद काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे समजले तर ही भीती बरीच कमी होते. ते समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे असा कागद पहिल्यांदा तयार करणाऱ्या माणसाची ओळख करून घेणे. त्यांचे नाव रॉबर्ट सेशन्स वुडवर्थ.

गणिताचा शिक्षक ते मानसशास्त्रज्ञ

वुडवर्थ यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बेल्चरटाउन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि आई शिक्षिका. १८९१ मध्ये ते अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातून पदवीधर झाले. पुढची काही वर्षे त्यांनी गणित शिकवले, आधी शाळेत आणि मग कॉलेजात.

याच काळात त्यांनी स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाचे व्याख्यान ऐकले आणि विल्यम जेम्स यांचा मानसशास्त्रावरचा मोठा ग्रंथ वाचला. मनाचा अभ्यास नुसत्या चिंतनाने होत नाही, त्यासाठी प्रयोग आणि मोजमाप लागते, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. त्यांनी संशोधन हा एकच शब्द एका कार्डावर लिहून आपल्या टेबलासमोर लावून ठेवला होता, असे सांगतात.

ते हार्वर्डला गेले आणि तिथे विल्यम जेम्स यांच्याकडे शिकले. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. घेतली. नंतर इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे चार्ल्स शेरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत काम केले. शेरिंग्टन हे मज्जासंस्थेच्या अभ्यासातले फार मोठे नाव. त्यांना पुढे नोबेल पारितोषिकही मिळाले. म्हणजे वुडवर्थ यांची तयारी दोन्ही बाजूंची होती. त्यांना मनाचा अभ्यास येत होता आणि शरीराचाही. १९०३ पासून मात्र ते कोलंबियात स्थिरावले आणि आयुष्यभर तिथेच राहिले.

मोजण्याआधी मोजपट्टी तपासा

१९०४ साली सेंट लुईस शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे जगाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे आली होती. वुडवर्थ यांनी सुमारे ११०० जणांची नजर, ऐकणे, हालचालींचा वेग आणि काही बौद्धिक कामे तपासली.

त्या काळी काही वंश जन्मतःच हुशार आणि काही मंद असतात, असे शिकलेले लोकही उघडपणे म्हणत. वुडवर्थ यांनी १९१० मध्ये आपले निष्कर्ष मांडले ते या समजाला धरून नव्हते. एकाच गटातल्या माणसांमध्येच इतका फरक असतो की दोन गटांच्या सरासरीतल्या छोट्या फरकावरून कोणाला वर आणि कोणाला खाली बसवणे योग्य नाही, असे त्यांनी सांगितले. शिवाय, एका संस्कृतीत तयार झालेली चाचणी दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसाला न्याय देईलच असे नाही, हा इशाराही दिला.

हा मुद्दा लक्षात ठेवा. मराठी किंवा कोकणी बोलणाऱ्या रुग्णापुढे परदेशात तयार झालेला फॉर्म ठेवला जातो, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

युद्ध आणि शेल शॉक

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. खंदकांत महिनोन्‌महिने तोफगोळ्यांचा मारा सोसणाऱ्या सैनिकांमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला. अंगावर जखम नाही, तरी हातपाय थरथरत. कोणाची वाचा जाई, कोणाला दिसेनासे होई, कोणी रात्रभर किंचाळत उठे. याला शेल शॉक हे नाव पडले.

सुरुवातीला बऱ्याच अधिकाऱ्यांना हे सगळे नाटक किंवा भित्रेपणा वाटला. ब्रिटिश सैन्याने पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली आपल्याच ३०० हून अधिक सैनिकांना गोळ्या घालून मृत्युदंड दिला. त्यांतले काही जण शेल शॉकचे रुग्ण असावेत असे आज मानले जाते. २००६ मध्ये ब्रिटनने त्यांना माफी दिली, पण तेव्हा जवळजवळ ९० वर्षे उलटून गेली होती. मनाचा आजार ओळखला गेला नाही तर काय होऊ शकते, याचे हे टोकाचे उदाहरण.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली. लाखो तरुणांची भरती होणार होती. यांतल्या कोणाला असा त्रास होण्याचा धोका अधिक आहे हे आधी कळले, तर त्याला आघाडीवर पाठवणे टाळता येईल, असा विचार पुढे आला. पण प्रत्येक तरुणाशी मनोविकारतज्ज्ञ तासभर बोलू शकत नव्हता. तेवढे तज्ज्ञच देशात नव्हते. हे काम वुडवर्थ यांच्याकडे आले.

प्रश्न कसे निवडले?

वुडवर्थ यांनी खुर्चीत बसून मनाने प्रश्न रचले नाहीत. त्यांनी आधी मानसिक त्रास असलेल्या रुग्णांच्या नोंदी वाचल्या. डॉक्टरांनी लिहून ठेवलेली लक्षणे एकत्र केली आणि प्रत्येक लक्षणाचा एक साधा प्रश्न केला. त्याचे उत्तर फक्त हो किंवा नाही असे द्यायचे होते.

झोप नीट लागते का, सकाळी उठताना थकवा असतो का, डोक्यात विचार फिरत राहिल्याने झोप उडते का, रक्त बघून भोवळ येते का, उंचावर उभे असताना उडी मारावीशी वाटते का, भोवतालचे सगळे खोटे किंवा स्वप्नातले वाटते का, अशा अर्थाचे हे प्रश्न होते. बालपण सुखाचे गेले का, यासारखेही काही होते.

यानंतरचे काम महत्त्वाचे आहे. हे प्रश्न त्यांनी निरोगी माणसांना विचारले आणि आजाराचे निदान आधीच झालेल्यांनाही विचारले. मग दोन नियम लावले.

* निरोगी माणसांपैकी २५ टक्के किंवा त्याहून अधिक जणांनी ज्या प्रश्नाला त्रास दाखवणारे उत्तर दिले, तो प्रश्न काढून टाकायचा. जी गोष्ट चारातल्या एका धडधाकट माणसाला होते, ती आजाराची खूण कशी म्हणायची?
* आजारी गटात जे लक्षण निरोगी गटाच्या निदान दुप्पट प्रमाणात आढळले, तेच ठेवायचे.

या चाळणीतून ११६ प्रश्न उरले. एखाद्याने किती प्रश्नांना त्रासाची उत्तरे दिली, ती संख्या म्हणजे त्याचे गुण. पुढे ही यादी वुडवर्थ पर्सनल डेटा शीट या नावाने ओळखली गेली. माणसाने स्वतः भरायच्या मानसिक आरोग्याच्या प्रश्नावल्यांमध्ये ती पहिली मानली जाते.

तुमच्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. एक, निरोगी माणसेही काही प्रश्नांना हो म्हणतातच. त्यामुळे फॉर्मवरच्या एका-दोन खुणांनी कोणी आजारी ठरत नाही. दोन, जास्त गुण आलेल्या सैनिकाला थेट घरी पाठवायचे, असे वुडवर्थ यांनी योजले नव्हते. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे आणि तज्ज्ञाने बोलून ठरवायचे, अशी कल्पना होती. कागदाचे काम फक्त कोणाशी आधी बोलायचे ते सुचवणे. आजही नियम तोच आहे.

जे तपासायचे राहून गेले

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. ही प्रश्नावली सैन्यात मोठ्या प्रमाणावर वापरायची वेळच आली नाही. त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. ज्यांचे गुण जास्त होते, ते तरुण आघाडीवर खरोखर कोलमडले असते का?

हा फरक समजून घ्या. आज कोण त्रासात आहे हे ओळखणे वेगळे आणि उद्या कोणाला त्रास होईल हे सांगणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मानसिक कारणांवरून दहा लाखांहून अधिक तरुणांना भरतीतच नाकारले. तरीही लढाईत मानसिक आजाराने बाजूला काढाव्या लागलेल्या सैनिकांची संख्या प्रचंड राहिली. भविष्य सांगायला या चाळण्या कमी पडल्या.

स्वतः वुडवर्थ यांची विचारसरणीही याच दिशेची होती. त्या काळी काही मानसशास्त्रज्ञ म्हणत की बाहेरून एखादी गोष्ट घडते आणि माणूस तिला प्रतिसाद देतो, एवढेच पुरे. वुडवर्थ यांचे म्हणणे होते की मध्ये माणूस आहे, त्याला विसरू नका. त्याचे शरीर, त्याचा थकवा, त्याच्या आठवणी, त्याच्या इच्छा या सगळ्यांतून प्रतिसाद ठरतो. एकच तोफगोळा दोघांजवळ फुटतो. एक जण सावरतो, दुसरा सावरत नाही. नोकरी गेली, घरात मृत्यू झाला, बाळंतपण झाले, तेव्हाही असेच होते. शेजारीण सावरली मग तुला काय झाले, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे.

वुडवर्थ यांच्या कागदाची पुढची पिढी

युद्धानंतर या प्रश्नावलीच्या कितीतरी नव्या आवृत्त्या निघाल्या. १९२३ मध्ये मुलांसाठी एक तयार झाली. पण तिचे दोषही दिसू लागले. प्रश्न इतके सरळ होते की ज्याला लपवायचे आहे तो सहज लपवू शकत होता. त्रास कधीचा आणि किती वेळा होतो, हे कळत नव्हते. चिंता, उदासी, भीती या सगळ्यांची एकच बेरीज होत होती.

पुढच्या संशोधकांनी हे दोष एकेक करून कमी केले. मिनेसोटा विद्यापीठातल्या हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उत्तरे प्रामाणिक आहेत का, हे तपासणारे वेगळे प्रश्न घातले. ब्रिटनमध्ये डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९७२ मध्ये जनरल हेल्थ क्वेश्चनेअर आणली आणि तिच्यात अलीकडच्या काळात काय बदलले यावर भर दिला. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी १९८७ मध्ये एडिनबरा स्केल आली, तिच्यात फक्त १० प्रश्न आहेत. २००१ मध्ये पीएचक्यू-९ आली. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि एकूण गुण ० ते २७. चिंतेसाठीची जीएडी-७ ही २००६ मधली.

तुमच्या हातात येणारा फॉर्म बहुतेक वेळा यांपैकीच एखादा असतो.

फॉर्म खरा आहे हे कसे तपासतात?

नवी प्रश्नावली वापरात येण्याआधी तिची परीक्षा घेतात. वुडवर्थ यांनी जे केले, त्याचेच हे पुढचे रूप.

* त्याच माणसाला थोड्या दिवसांनी पुन्हा फॉर्म दिला आणि दरम्यान त्याची प्रकृती बदललेली नसेल, तर गुण साधारण तेवढेच यायला हवेत. वजनकाट्यावर दोनदा उभे राहिल्यासारखे हे आहे.
* फॉर्म भरणाऱ्यांशी तज्ज्ञ स्वतंत्रपणे बोलतात. फॉर्मचे गुण त्यांना सांगत नाहीत. मग दोन्ही निष्कर्ष जुळवून बघतात.
* किती गुणांपासून पुढे तपासायचे, ती रेषा ठरवतात. रेषा खाली आणली तर आजारी माणूस सुटत नाही, पण बरेच निरोगी लोक अडकतात. वर नेली तर उलटे होते.

पीएचक्यू-९ च्या मूळ अभ्यासात १० गुणांच्या रेषेवर नैराश्य असलेल्या १०० पैकी ८८ जण ओळखले गेले आणि ते नसलेल्या १०० पैकी ८८ जणांना फॉर्मने बरोबर वगळले. आकडा चांगला आहे. तरी त्याचा अर्थ एका हिशेबाने बघू.

समजा, १०० जणांनी फॉर्म भरला आणि त्यांतल्या १० जणांना खरोखर नैराश्य आहे. त्या १० पैकी साधारण ९ जण ओळखले जातील. उरलेल्या ९० निरोगी माणसांपैकी साधारण ११ जणांचे गुणही १० च्या वर जातील. म्हणजे ज्या २० जणांचे गुण वर आले, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना नैराश्य नाहीच. म्हणूनच फॉर्मवरून औषध सुरू करत नाहीत. आधी बोलतात.

मराठीत, कोकणीत काय होते?

वुडवर्थ यांनी १९१० मध्ये दिलेला इशारा इथे कामाला येतो. इंग्रजी प्रश्नाचे शब्दशः भाषांतर करून चालत नाही. आपल्याकडे फार थोडे रुग्ण नैराश्य हा शब्द वापरतात. करमत नाही, जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, डोके जड होते, हातापायांना मुंग्या येतात, असे ते सांगतात. भाषांतर करणाऱ्याने ही बोली धरली नाही तर रुग्णाला प्रश्नच लागू होत नाही आणि तो नाही अशी खूण करतो.

रेषासुद्धा आपल्या लोकांवर पुन्हा तपासावी लागते. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या सुमारे ६०० रुग्णांवर पाच प्रश्नावल्या एकाच वेळी तपासून पाहिल्या. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही प्रश्नावल्या उपयोगी ठरल्या. पण गुण वर आलेल्यांत निरोगी माणसेही बरीच होती. त्यामुळे परदेशातली रेषा जशीच्या तशी उचलू नये, हे त्यातून दिसले.

तुम्ही फॉर्म भरताना

* फॉर्मवर जो कालावधी दिला आहे, तेवढाच आठवा. दोन आठवडे म्हटले असेल तर वर्षभराचा हिशेब करू नका.
* उत्तर स्वतः द्या. वाचता येत नसेल, चष्मा विसरला असेल, तर नर्सला किंवा डॉक्टरांना वाचून दाखवायला सांगा. यात कमीपणा नाही.
* नातेवाइकांनी शेजारी बसून उत्तरे सांगू नयेत, डोकावूही नये. सासू किंवा नवरा बघत असेल तर सून खरे लिहील का, याचा विचार करा. तुम्हाला जे दिसले ते डॉक्टरांना वेगळे सांगा, त्याचाही उपयोग होतो.
* चालू असलेली औषधे आणि आजार सांगा. थायरॉईडचा विकार, रक्ताची कमतरता, दीर्घ दुखणे यांमुळेही थकवा येतो, झोप बिघडते आणि गुण वाढतात.
* पूर्वी कधी कारण नसताना खूप उत्साह, फार कमी झोप आणि बेफाम खर्च असा काळ गेला असेल तर तो आवर्जून सांगा. उपचार त्याने बदलतात.
* पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. इथे बेरजेकडे बघत नाहीत. एकूण गुण कमी असले तरी या प्रश्नाला शून्याव्यतिरिक्त काहीही उत्तर असेल तर डॉक्टरांनी त्याच भेटीत तुमच्याशी बोलायला हवे. या प्रश्नामुळे असे विचार डोक्यात येतात, ही भीती खरी नाही.
* तुमची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क तुम्हाला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिला आहे. शंका असेल तर हा कागद कोण बघणार, असे थेट विचारा.
* गुण कमी आले पण त्रास तसाच असेल, तर गप्प बसू नका. १०० पैकी १२ जण फॉर्ममधून सुटतात, हे वर पाहिलेच.

उपचार सुरू झाल्यावर तोच फॉर्म काही आठवड्यांनी पुन्हा भरून घेतात. १८ चे ९ झाले तर उपचार लागू पडत आहेत. १८ चे १७ च राहिले तर औषध, मात्रा किंवा समुपदेशन यांचा फेरविचार करायला हवा. मधुमेहात एचबीएवनसी बघतो, तसेच हे आहे.

वुडवर्थ यांची शेवटची वर्षे

प्रश्नावली हा वुडवर्थ यांच्या आयुष्याचा एक छोटा भाग होता. १९१४ मध्ये ते अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते. १९२१ मध्ये आलेले त्यांचे मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक खूप वापरले गेले. १९३८ चा प्रायोगिक मानसशास्त्रावरचा ग्रंथ तर अनेक पिढ्यांनी वाचला. श्लोसबर्ग यांच्यासोबत केलेली त्याची १९५४ ची आवृत्ती भारतातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही चांगली परिचित आहे. निरनिराळ्या पंथांत भांडणे चालू असताना ते कोणत्याच पंथाचे झाले नाहीत. प्रत्येकातले पटेल ते घ्यावे आणि पुरावा बघावा, अशी त्यांची रीत होती.

१९५६ मध्ये त्यांना अमेरिकन सायकॉलॉजिकल फाउंडेशनचे पहिले सुवर्णपदक मिळाले. १९५८ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केले. ४ जुलै १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी ते वारले.

त्यांच्या ११६ प्रश्नांचा कागद आज कोणी वापरत नाही. मात्र ज्याच्या अंगावर जखम दिसत नाही, त्याला काय होते ते त्यालाच विचारावे, आणि उत्तर मिळाल्यावर त्याच्याशी बोलावे, हा क्रम आजही तोच आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांनी असा कागद दिला, तर पेन घ्या आणि खरे तेच लिहा.

*मनात मरणाचे विचार येत असतील किंवा घरातल्या कोणाबद्दल तशी काळजी वाटत असेल, तर फॉर्मची वाट बघू नका. जवळच्या रुग्णालयात जा किंवा टेली-मानस या सरकारी मोफत सेवेला १४४१६ वर फोन करा. ती २४ तास चालू असते. हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.*